सात दिवसांच्या शिबिराचं नेतृत्व: विद्यार्थी प्रमुखाने काय करावं आणि कोणत्या क्रमाने

नोव्हेंबर लागला की राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयोची) मुलं फोन करायला लागतात. ‘ताई, मला यंदा शिबिराचा विद्यार्थी प्रमुख केलंय. उद्घाटनाला काय बोलू?’ दरवर्षी पहिला प्रश्न भाषणाचा असतो आणि दरवर्षी शिबिर बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. चौथ्या दिवशी प्रमुखाचा घसा बसलेला असतो, अंगात कणकण असते, जवळच्या दोन मैत्रिणी बोलत नसतात आणि उरलेले पन्नास-साठ जण ‘आता काय करायचं?’ म्हणून त्याच्याच तोंडाकडे बघत असतात.

मी स्वतः एक शिबिर असंच चालवलं. नंतरची काही वर्षं मदतनीस म्हणून जात राहिले आणि प्रमुख कुठे अडखळतात ते जवळून पाहिलं. रासेयोत दोन वर्षांत 240 तास काम असतं आणि एखाद्या गावात एक सात दिवसांचं निवासी शिबिर. विशी-एकविशीच्या मुलामुलींना इतक्या माणसांची खरीखुरी जबाबदारी इतक्या लवकर देणाऱ्या जागा फार थोड्या आहेत, म्हणून ती वाया गेलेली पाहून वाईट वाटतं. माझं सांगणं थोडक्यात असं आहे: काम नीट सोपवायला शिका, आणि सोपवलेलं मधूनच ओढून घेऊ नका. पुढचे सगळे टप्पे त्याचीच तयारी आहेत. क्रम मात्र मोडू नका.

टप्पा 1: आधी स्वतःचा शब्द तपासा (शिबिराच्या सहा आठवडे आधी)

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. चौदा दिवस, कोणालाही कसलाही शब्द दिला की त्यात लिहा: कोणाला, काय, केव्हापर्यंत. ‘संध्याकाळी नोट्स पाठवते’ हाही शब्दच. रात्री झोपताना बघा, काय पाळलं आणि काय राहिलं.

बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच कळतं की आपण ‘हो’ फार पटकन म्हणतो. प्रमुख झाल्यावर हीच सवय साठ जणांना भोवते. दुसऱ्या आठवड्यात ‘हो’ म्हणण्याआधी वही उघडायची आणि जमणार नसेल तर तिथेच सांगायचं.

*तपासणी:* दुसऱ्या आठवड्यात दहापैकी आठ शब्द वेळेत पाळले गेले का? नसतील तर आणखी एक आठवडा वही चालू ठेवा. पुढे जाण्याची घाई करू नका.

टप्पा 2: आपली हद्द लिहून घ्या

कार्यक्रम अधिकाऱ्यांसोबत, म्हणजे कॉलेजात रासेयो सांभाळणाऱ्या सरांसोबत, अर्धा तास बसा आणि एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात मी स्वतः ठरवायच्या गोष्टी, दुसऱ्यात विचारून ठरवायच्या, तिसऱ्यात माझ्या नसलेल्या. कामाच्या पाळ्या, रोजची बैठक, गटांची अदलाबदल या साधारणपणे पहिल्या रकान्यात येतात. खर्च दुसऱ्या. मुलींच्या मुक्कामाची व्यवस्था, दवाखाना, गावातल्या कोणाशी झालेला वाद आणि एखाद्याला घरी पाठवणं हे तिसऱ्या रकान्यात, तिथे तुम्ही फक्त ताबडतोब कळवायचं.

हा कागद नसला की दोनांपैकी एक होतं. प्रमुख प्रत्येक बारीक गोष्ट विचारायला सरांकडे पळतो आणि मुलं त्याला निरोप्या समजू लागतात, किंवा तो न विचारता पाच हजारांचं साहित्य उधारीवर उचलतो. कागदावर दोघांच्या सह्या असू द्या. सरांना त्यात अपमान वाटत नाही, उलट हायसं वाटतं.

टप्पा 3: गावात दोनदा जा

पहिली फेरी सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक आणि आशाताईंना भेटण्यासाठी. मुक्कामाची जागा, संडास, पाणी, वीज, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मोबाईलला रेंज नेमकी कुठे येते आणि 108 ची रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने येऊ शकते, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फोनवरच्या ‘सगळं आहे, या तुम्ही’वर साठ जणांना नेऊ नका.

दुसरी फेरी कामाच्या जागेसाठी, आणि ती गावातल्या शेतकऱ्यासोबत करायची. एक उदाहरण देते. वनराई बंधारा हे शिबिरांचं आवडतं काम: सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. पण हे काम ओढा वाहता असतानाचं. पाऊस संपल्यावर धार बारीक होत जाते, तेव्हा ती अडवायची असते. शिबिर जानेवारीत असेल आणि ओढा डिसेंबरातच आटत असेल, तर कोरड्या पात्रात गोण्या रचून फोटोच निघतील. ‘ओढ्याला पाणी कधीपर्यंत असतं?’ एवढा प्रश्न बांधावर उभं राहून विचारला असता तर आमच्या शिबिरात दीड दिवस वाचला असता. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी आम्हाला वरच्या अंगाची, झऱ्याजवळची जागा दाखवली आणि सगळं साहित्य तिकडे हलवावं लागलं. आजोबा पहिल्या दिवसापासून तिथेच बसलेले होते. आम्हीच त्यांना विचारलं नव्हतं.

*इशारा:* पाहणीला एकटे जाऊ नका. ज्याच्याकडे भोजनाची जबाबदारी देणार आणि ज्याच्याकडे कामाची, त्या दोघांना सोबत न्या. तुम्ही पाहून आलेलं त्यांना सांगण्यात आणि त्यांनी स्वतः पाहण्यात फार फरक पडतो.

टप्पा 4: माणसं ओळखा, मग गट पाडा

इथे सगळ्यात मोठी चूक होते: वर्गात पुढे पुढे करणारे सहा जण गटप्रमुख होतात आणि मैत्रीचे घोळके तसेच्या तसे गट होतात.

त्याऐवजी प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला. साठ जण म्हणजे दहा तास. दोन आठवड्यांत, डबा खाताना, बसस्टॉपवर, सहज होतं. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारू नका, त्याला ठरीव उत्तरं मिळतात. ‘घरी कोणतं काम तुझ्याकडे असतं?’ असं विचारा. आमच्यात एक मुलगा होता, वर्षभर एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या आईची खानावळ. साठ जणांच्या खिचडीचा अंदाज कोणालाच येईना, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘दिवसभर टिकाव मारून येणार ना? मग सात किलो तांदूळ, तीन किलो मुगाची डाळ. आणि मीठ आधी कमीच टाका, वरून घेता येतं.’ सातही दिवस कोठी त्याने सांभाळली. अन्न उरलं नाही, कोणी अर्धपोटीही उठलं नाही.

गट दहा-दहाचे करा. प्रत्येक गटात मुलगे आणि मुली दोन्ही हवेत, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुलं मिसळलेली हवीत. आणि दोन गोष्टींवर अडून बसा.

पहिली: मुली स्वयंपाकात आणि मुलगे खोदकामात ही वाटणी होऊ देऊ नका. स्वयंपाक, भांडी, संडास सफाई आणि श्रमदान या सगळ्यांच्या पाळ्या प्रत्येक गटाकडे फिरल्या पाहिजेत. कोठी आणि हिशेब एकाच्या हातात राहिले तर चालतं. ‘त्यांना जमत नाही’ हे कारण ऐकू येईलच. पोळ्या लाटणं मुलांना तिसऱ्या पाळीला जमतं, हे मी पाहिलं आहे.

दुसरी: भिंतीवर लावायच्या याद्यांत फक्त नावं लिहा, आडनावं नकोत. शिबिरात कोण कोणाच्या हातचं जेवतो हा प्रश्न उठायलाच जागा देऊ नये.

*तपासणी:* गटप्रमुखांची यादी बघा. त्यात वर्गात कधीच न बोलणारी निदान दोन माणसं आहेत का?

टप्पा 5: काम सोपवणं

या टप्प्यावर थांबून थोडं सविस्तर सांगते, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

पहिल्या दिवशी सकाळी मी एका मुलाला म्हणाले, ‘पाण्याचं बघ रे.’ तो ‘हो’ म्हणाला आणि त्याने खरंच बघितलं. मुक्कामाच्या शाळेतले दोन्ही पिंप भरले, तुरटी फिरवली, वर फडकं बांधलं. कामाची जागा तिथून दीड किलोमीटरवर होती. अकरा वाजता उन्हात एक मुलगी भोवळ येऊन खाली बसली तेव्हा लक्षात आलं की तिथे पिण्याच्या पाण्याची एकही कळशी नाही. मी त्या मुलावर सगळ्यांसमोर ओरडले. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर शिबिर संपेपर्यंत त्याने आपणहून एकही काम अंगावर घेतलं नाही. चूक माझी होती. ‘पाण्याचं’ म्हणजे कुठलं, किती, कधी, हे माझ्या डोक्यात होतं, तोंडातून आलंच नव्हतं.

तेव्हापासून काम सोपवताना पाच गोष्टी बोलल्याशिवाय मी माणसाला हलू देत नाही:

1. काय करायचं: ‘कामाच्या जागेवर पिण्याचं पाणी.’
2. कुठवर झालं की झालं म्हणायचं: ‘चार कळशा भरलेल्या, झाकलेल्या, झाडाखाली, दोन ओगराळ्यांसह.’
3. केव्हापर्यंत: ‘काम सुरू व्हायच्या आधी, आठ वाजता. परत साडेदहाला भरायच्या.’
4. कशातून: ‘गटातले दोघे घे. कळश्या शाळेच्या कोठीतून, पाणी पाटलांच्या विहिरीवरून, मी बोलून ठेवलंय.’
5. अडलं तर कोणाला: ‘विहिरीवर मोटर बंद असेल तर थांबू नकोस, मला लगेच सांग.’

मग त्यालाच म्हणायचं, ‘आता तू मला सांग, काय ठरलं?’ याला अर्धा मिनिट लागतो. दहापैकी तीन वेळा तरी त्याने वेगळंच समजून घेतलेलं असतं, असा माझा अनुभव.

यात ‘कसं करायचं’ हा सहावा मुद्दा मुद्दाम नाही. कळशी डोक्यावरून न्यायची की सायकलला लटकवून, ते त्याचं त्याला ठरवू द्या. कसं तेही सांगत बसलात तर त्याच्याकडे नुसती हमाली उरते, आणि ती माणूस मनापासून करत नाही.

सोपवल्यावर खरी परीक्षा तुमची. मुलगा ते काम तुमच्यापेक्षा हळू करतोय, गोण्या वाकड्या लागताहेत, आणि तुमचे हात शिवशिवतात. थांबा. आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: यात कोणाला इजा होईल किंवा काम पुन्हा मुळापासून करावं लागेल असं आहे का? नसेल तर दूर उभे रहा. असेल तर त्यालाच प्रश्न विचारा. गोणी तोंडापर्यंत भरली की ती गोल होते, बसत नाही, आणि दोन गोण्यांमधल्या फटीतून पाणी निसटतं. हे दिसलं तेव्हा आम्ही काम हातात घेतलं नाही. गटप्रमुखाला म्हटलं, ‘या दोन गोण्यांच्या मध्ये हात घालून बघ.’ हात कोपरापर्यंत आत गेला. पुढची गोणी त्याने स्वतःच पाऊण भरली, विटांसारखा सांधा मोडून रचली आणि फटीत चिकणमाती ठासली. त्या दिवशी उरलेल्या गटांना तेच त्याने शिकवलं.

*इशारा:* एकच काम दोघांना ‘तुम्ही दोघं बघा’ म्हणून देऊ नका. मदतीला कितीही माणसं असोत, नाव एकाचंच.

टप्पा 6: रोजचा दिवस चालवणं

आदल्या संध्याकाळी अवजारं मोजा. साठ जण आणि बावीस टिकाव असतील तर साठही जण खोदू शकत नाहीत, आणि रिकामे उभे असलेले शिबिराचा उत्साह दुपारपर्यंत संपवतात. एक टिकाव, एक फावडं, तीन-चार घमेली आणि माती पुढे सरकवणारी साखळी, असा हिशेब मांडा. अर्ध्या तासाने जागा बदला. टिकावाचा दांडा वाळून सैल झाला असेल तर रात्री पात्याकडची बाजू पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून घट्ट बसतं. आणि सकाळी प्रत्येक टिकाव हलवून बघितल्याशिवाय हातात देऊ नका.

काम सुरू झाल्यावर पहिला तासभर तुम्हीही माती उपसा. नंतर टिकाव खाली ठेवा आणि फिरा. सगळ्यात जास्त खोदणारा प्रमुख मुलांना आवडतो, पण त्याची मान खाली असते. कोण दमलंय, कोणाच्या हाताला फोड आलाय, कोणता गट नुसता बसलाय, हे त्याला दिसत नाही.

संध्याकाळची बैठक वीस मिनिटांची ठेवा. आज काय झालं, कुठे अडलं, उद्या काय, एवढंच आणि याच क्रमाने. प्रत्येक गटप्रमुख आधी बोलेल, तुम्ही शेवटी. तुम्ही आधी बोललात की बाकीचे फक्त माना डोलावतात. कौतुक करायचं तर नाव आणि काम दोन्ही घेऊन करा. ‘सगळ्यांनी छान काम केलं’ हे वाक्य कोणाच्याही पदरात पडत नाही.

टप्पा 7: चूक सांगणं आणि भांडण सोडवणं

चूक त्याच दिवशी सांगा, बाजूला घेऊन सांगा, आणि घडलेल्या गोष्टीवर बोट ठेवा. ‘तू बेजबाबदार आहेस’ याला उत्तर नसतं. ‘सहाला भांडी व्हायला हवी होती, साडेसातपर्यंत पडून होती, पुढचा गट अडला. काय झालं?’ याला उत्तर असतं, आणि बऱ्याचदा ते तुम्हाला माहीत नसलेलं असतं. उपाशी माणसाला काहीही सांगू नका, आधी जेवू द्या.

भांडण झालं तर दोघांचं वेगवेगळं ऐका, मग एकत्र बसवा. छेडछाड, जातीवरून बोलणं, नशा किंवा मारहाण यांत मात्र मध्यस्थी तुमची नाही. तो तिसऱ्या रकान्यातला विषय, सरळ कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे आणि त्याच क्षणी. मैत्रीखातर ते झाकलंत तर ज्याला त्रास झाला तो एकटा पडतो.

तुमची स्वतःची चूक असेल तर ती बैठकीत सगळ्यांसमोर सांगा. पाण्याच्या प्रकारानंतर मी त्या मुलाची माफी दोन दिवसांनी आणि एकांतात मागितली. ओरडले होते सगळ्यांसमोर. हे बरोबर झालं नाही.

टप्पा 8: पाचव्या दिवसापासून बाजूला व्हा

पाचव्या दिवशी सकाळीच पुढच्या वर्षी प्रमुख होऊ शकेल अशा पहिल्या वर्षाच्या दोघांना दिवस चालवायला द्या. तुम्ही दिवसभर त्यांच्या हाताखाली काम करा. काम सोपवण्याचे पाच मुद्दे त्यांना तोंडी सांगितलेत तर विसरतील. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ती वही त्यांच्या हातात द्या.

हिशेब मात्र शिबिरात रोजच्या रोज, रात्री, दोघांनी बसून लिहावा. पावती नसलेल्या वीस रुपयांच्या कोथिंबिरीचीही नोंद हवी. घरी गेल्यावर लिहू म्हटलेला हिशेब जुळत नाही.

*तपासणी:* पाचव्या दिवशी तुम्ही दोन तास जागेवर नसलात तर कोणी तुम्हाला शोधत आलं का? कशासाठी आलं ते लिहून ठेवा. तेवढंच काम तुम्ही अजून सोपवलेलं नाही.

नोकरीत पहिल्या-दुसऱ्या वर्षात असाल तर

तिथे तुम्हाला कोणी प्रमुख करणार नाही, तरी टप्पा 1, 2 आणि 5 आजपासून चालू करता येतात. हद्दीचा कागद साहेबांसोबत पहिल्याच महिन्यात करा. आणि पाच मुद्दे उलटे वापरा: कोणी ‘जरा ते रिपोर्टचं बघ’ म्हणालं की आपणच विचारायचं, ‘कुठवर झालं की झालं म्हणायचं? केव्हापर्यंत? अडलं तर कोणाला विचारू?’ मग व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत ठरलेलं लिहून पाठवायचं. काही महिन्यांनी लोक तुमच्याकडे काम घेऊन येतात तेव्हा ते नीट सांगूनच येतात, कारण तुम्ही विचारणार हे त्यांना माहीत झालेलं असतं.

टप्पा 9: पंधरा दिवसांनी परत जा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. समारोप होतो, फोटो टाकले जातात आणि गाव विसरलं जातं. तीन-चार गटप्रमुखांना घेऊन पंधरा दिवसांनी एका रविवारी जा. कामाची जागा बघा, ज्यांनी जागा, विहीर, भांडी दिली त्यांना भेटा, घेतलेली वस्तू परत पोहोचली का ते विचारा.

आम्ही गेलो तेव्हा बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साठलेलं होतं आणि डाव्या काठाकडून ते झिरपत होतं. गोण्या काठात पुरेशा आत घेतल्या नव्हत्या. पाण्याच्या कळश्यांवरून मी ज्याच्यावर ओरडले होते तो मुलगाही आला होता. त्याने चप्पल काढली, पँट दुमडली, पाण्यात उतरून काठाशी हात घालून बघितलं आणि वर न बघताच म्हणाला, ‘ताई, सहा गोण्या लागतील. दाभण आणि सुतळी गावात मिळेल. दोघं द्या मला, एक वाजेपर्यंत होईल.’ मी दोघांना त्याच्यासोबत पाठवलं आणि आजोबांकडे चहाला गेले.